तेलाचा हात

जिंतूर रोडच्या दुकानात
अण्णांनी चाळीस वर्षं लोखंड जोडलं.
तिफणीचे फण, ट्रॉलीचे हुक,
रुखवतातल्या कपाटाचा मोडका पाय,
एकदा तर कुणाची तरी कुबडी.

सिलेंडर तेव्हाही होते. एक तांबूस, एक काळा.
नवा पोरगा आला की
हत्यार हातात द्यायच्या आधी सांगायचे,
"काळ्याला तेलाचा हात लावायचा नाई.
ग्रीस नाई, मळकी चिंधी नाई.
ही हवा सोता जळत नाई बाबा,
दुसऱ्याला जाळून बघत बसती."

आता त्यांच्या खाटेशी तोच काळा उभा आहे,
फक्त मान पांढरी.
बालाजी म्हणाला होता, दुकानातलाच आणून जोडू की.
"त्यो लोखंडासाठी," अण्णा म्हणाले,
आणि खिडकीच्या गजाला साखळीची कडी
आदल्या दिवशीच वेल्ड करून घेतली,
हा घरात यायच्या आधी.

रोजचं काम तसं मशीनचं.
भिंतीपासून हातभर पुढं ओढलेलं,
रात्रंदिवस घुरघुरतं.
नळी बावीस फूट.
खाट, मोरी, ओसरीचा उंबरा.
उंबऱ्यापलीकडं परभणी सुरू होते.

आईनं देव मागच्या खोलीत नेले.
काय सांगून नेले ते तिलाच माहीत.
भेटायला येणारे बिडीचं बंडल
फाटकाजवळच्या विटेवर ठेवून आत येतात.
नागोराव विसरले एकदा.
लायटर नुसतं खिशातून काढलं,
तर तीन शब्दांवर दम संपणारे अण्णा
सहा शब्द बोलले.
ते इथं लिहिण्यासारखे नाहीत.

नाक सोलवटलं म्हणून मी बाम आणला.
त्यांनी डबी उघडली, बोटानं न शिवता
नुसतं बघितलं, परत दिली.
"तेलकट हाय. डॉक्टरला इचार."
डॉक्टरांनी पाण्यातली जेली लिहून दिली,
आणि काट्यापाशी घुटमळणाऱ्या आईला म्हणाले,
गोळी दोनवरच राहू द्या, मावशी.
माया करून वाढवलंत
तर झोपतील, आणि उठणार नाहीत.

परवा रात्री लाईट गेली.
मशीन किंचाळलं.
मी आईचे गुडघे चोळत होते, करडईच्या तेलानं.
आईचा हात सवयीनं काडेपेटीवर गेला.
अंधारात खाटेचा गज वाजला,
टण्.
अंगठीनं.
आईनं काडेपेटी खाली ठेवली.
मी मोबाईलचा उजेड केला, चावीकडं धावले.
पुन्हा टण्.

अण्णा उठून बसलेले,
हात मांड्यांवर रोवलेले, खांदे कानांपाशी,
ओठांवर जांभळाचा रंग.
एक बोट उचलून
त्यांनी माझेच हात मला दाखवले.
तळवे चमकत होते.

मोरीत गेले. साबण.
बोटांच्या बेचक्यांत. नखांत. पुन्हा एकदा.
मागं त्यांचा श्वास
फाटलेल्या भात्यासारखा.
एवढ्या घाईत एवढं सावकाश
मी आयुष्यात काही केलं नाही.

धुतलेल्या फडक्याला हात कोरडे केले,
तोंड बाजूला धरून चावी लावली,
अर्धा आटा. थांबले. मग अर्धा.
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.
शाळेतून येताना दुकानाच्या फळीवर बसून
मी ते नुसतं बघितलं होतं.
बाटलीत बुडबुडे उठले.
नळी नाकाशी गेली.

बऱ्याच वेळानं खांदे खाली आले.
"दुकान तुला द्यायचं..."
दम घेतला.
"...व्हतं."
बालाजी दारात उभा होता.
काही बोलला नाही. चावी उचलून
खिळ्याला, तिच्या जागी, अडकवली.

लाईट पहाटे आली.
आईचा एकच गुडघा चोळून झाला होता.